पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला तर शेंगेन बरा की अमेरिकेचा बी-१/बी-२?

पीएचडीवाल्यांचा नेहमीचा प्रश्न, की एकच काम आहे, युरोपातल्या कॉन्फरन्सलाही पाठवता येतं आणि अमेरिकेतल्याही, मग व्हिसाच्या दृष्टीने कुठलं सोपं पडेल? (शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा, बी-१/बी-२ म्हणजे अमेरिकेचा कामानिमित्त भेटीचा आणि पर्यटनाचा.) मी दोन्ही व्हिसे काढलेत म्हणून लिहितोय. सगळ्यांना असंच होईल असं नाही, आणि नियम सारखे बदलतात, त्यामुळे भरायच्या आधी अधिकृत साइट बघाच.

वरवर बघितलं तर बी-१/बी-२ च भारी वाटतो. १८५ डॉलर अर्जाची फी, डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म, बोटांचे ठसे, दोन-तीन मिनिटांचा इंटरव्ह्यू आणि मिळाला की बहुतेकांना थेट १० वर्षांचा मल्टिपल एंट्री. शेंगेनला उलट कागदांचा गठ्ठा लागतो: ३० हजार युरोचा इन्शुरन्स, हॉटेल बुकिंग, बँक स्टेटमेंट, वर कॉलेजचं एनओसी (ते कसं मिळतं हे ज्यांनी काढलंय त्यांना माहितीये). एवढं करून पहिल्या खेपेला व्हिसा मिळतो तो कॉन्फरन्सचे दिवस आणि वर थोडेफार, बस.

तरी माझं मत शेंगेनकडे झुकतं, आणि त्याचं कारण एकच, स्लॉट, म्हणजे अपॉइंटमेंटची तारीख. अ‍ॅक्सेप्टन्सचा मेल येतो कॉन्फरन्सच्या तीन-चार महिने आधी, कधी त्याहूनही उशिरा, आणि पहिल्यांदा बी-१/बी-२ काढणाऱ्याला आपल्याकडे इंटरव्ह्यूची तारीख त्या वेळात मिळेलच असं नाही. मी शोधत होतो तेव्हा ज्या तारखा दिसायच्या त्या कॉन्फरन्स संपून पुढच्या वर्षीचं कॉल फॉर पेपर्स (पेपर पाठवा म्हणून निघणारं आवाहन) निघेल अशा. मग रात्री-अपरात्री लॉगिन करून बघायचं, जास्त वेळा बघितलं की अकाउंट लॉक, टेलिग्राम ग्रुपवर कोणीतरी 'मुंबई ओपन' टाकतो आणि आपण पोचेपर्यंत सगळं गेलेलं असतं. इमर्जन्सी अपॉइंटमेंट असते, पण ती कॉन्फरन्ससाठी मिळेल हे मी तरी धरून चालणार नाही. हे सगळं पेपरची कॅमेरा-रेडी, म्हणजे छापायला द्यायची अंतिम कॉपी करायच्या आठवड्यांत. डोक्याला जो ताप झाला तो मला १० वर्षांच्या स्टिकरपेक्षा महाग वाटला.

शेंगेनचं निदान गणित मांडता येतं. ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण १५ दिवस, फार ताणलं तर ४५. अपॉइंटमेंट उन्हाळ्यात तिथेही अडते, नाही असं नाही, पण माझं काम वेळेत झालं.

आणि एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाहीत: रिसर्चर म्हणून सायंटिफिक कॉन्फरन्सला जात असाल तर शेंगेनची ९० युरो फी माफ आहे, व्हिसा कोडमध्येच, म्हणजे शेंगेनच्या नियमावलीतच आहे तसं. अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज भरावाच लागतो. काउंटरवर आपणहून विचारा, कॉन्फरन्सचं आणि कॉलेजचं पत्र दाखवा. एजंट म्हणेल 'टुरिस्टवर टाकू, कागद कमी लागतात', तर माझ्या मते नको, बॅगेत रिसर्चचं पोस्टर घेऊन इमिग्रेशनला फिरायला आलोय कशाला सांगायचं! शिवाय २०२४ पासून भारतीयांसाठी नियम थोडा सैल झालाय, ३ वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा २ वर्षांचा मल्टिपल मिळू शकतो, त्यानंतर ५ वर्षांचा. म्हणजे दरवेळी गठ्ठा नाही.

अमेरिकेचा काढूच नका असं म्हणत नाहीये. तुमच्या विषयातल्या मोठ्या कॉन्फरन्स तिकडेच होत असतील तर पर्याय नाही. फक्त तो हातात पेपर नसताना काढा, बी-१/बी-२ च्या अर्जाला इन्व्हिटेशन लेटर सक्तीचं नाही, स्लॉट कधीचा का मिळेना, घाई नसते. आणि युरोपचं ठरलं तर रजिस्ट्रेशन लगेच करून टाका, बरेच ऑर्गनायझर फी भरल्याशिवाय इन्व्हिटेशन लेटर देत नाहीत, आणि त्यात नाव पासपोर्टवर आहे तस्संच, वडिलांच्या नावासकट, मागून घ्या.