८ महिने वापरलेली १ टीबी पोर्टेबल एसएसडी (बाहेरून यूएसबीने लावायची ड्राइव्ह) आणि तिचं ते फुकटचं कव्हर

मे महिन्यातला रविवार, दुपारचे दोन, परळच्या आमच्या खोलीत पंखा पाचवर, आणि मावसभावाच्या लग्नाचं ३१० जीबी फुटेज कॉपी करताना अर्ध्याच्या वर गेल्यावर ड्राइव्ह गायब. टुंग. हातात घेतली तर असा चटका की टेबलावर टाकूनच दिली. तिसरी वेळ होती ही.

मार्चमध्ये असंच झालं तेव्हा अर्धा दिवस सुट्टी टाकून अंधेरीला सर्विस सेंटरला गेलो होतो. काउंटरवरचा म्हणाला "गरम तो होगा ही सर", मी म्हटलं गरम आणि चटका यात फरक असतो की नाही. दोन तास बसवून ठेवलं आणि मग कागद हातात, त्यावर दोष नाही. जाम भांडलो. कंपनीचं नाव लिहिणार होतो इथे, आता लिहीत नाही, कारण पुढे वाचा.

रविवारी पुन्हा तक्रार टाकायला सिरियल नंबर हवा होता, तो मागच्या बाजूला, म्हणून सिलिकॉनचं कव्हर काढलं. परत घालायचा कंटाळा आला, तशीच लावली आणि तेच फोल्डर पूर्ण कॉपी झालं! तेव्हा आठवलं, सर्विस सेंटरवाल्याने पण कव्हर काढूनच चेक केली होती, वेगळ्या पिशवीत दिलं होतं ते, आणि मी अंधेरी स्टेशनवरच परत चढवलं. हे कव्हर लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने दिलेलं, मी २०० रुपये कमी कर म्हणून घासाघीस करत होतो, त्याने पैसे सोडले नाहीत आणि कव्हर हातात ठेवलं. मला वाटलं जिंकलो.

आत काय असतं तर लॅपटॉपमधली एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडीच, वर यूएसबीत बदलणारी एक चिप, दोन्ही तापतात, आणि फाइल वाचण्यापेक्षा लिहिताना जास्त. साध्या यूएसबी ३ पोर्टचा हिशोब केला तरी ५ व्होल्ट, ९०० मिलिअँपिअर म्हणजे साडेचार वॉट, टाइप सी असेल तर आणखी, आणि यातल्या जवळपास सगळ्याची शेवटी उष्णताच होते. काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या डब्यात, पंखा नाही काही नाही. बाहेर पडायला वाट एकच, ती मेटलची बॉडी. म्हणजे बॉडी गरम लागते तेव्हा ती तिचं काम करत असते, आणि मी तिला ८ महिने स्वेटर घालून ठेवला होता.

क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हचं तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघितलं, कव्हरसकट ७१ डिग्री, कव्हर काढून ५८. सत्तरीच्या आसपास बऱ्याच ड्राइव्ह स्वतःच स्पीड पाडतात, जळू नये म्हणून. माझी तर सरळ डिस्कनेक्टच व्हायची.

पण सगळं खापर उष्णतेवर फोडू नका, मी फोडलं होतं. शंभरेक जीबीनंतर सेकंदाला ९०० एमबीचा स्पीड ३०० वर येतो तो ऑफिसच्या एसीत पण तिथेच येतो. तो कॅश, म्हणजे डेटा आधी पटकन लिहून घ्यायची ड्राइव्हमधली वेगवान जागा, भरल्यामुळे, त्याला पंखा लावून काही होत नाही. दर वेळी तेवढ्याच डेटानंतर पडला तर कॅश, दुपारी लवकर आणि रात्री उशिरा पडला तर उष्णता.

शेजारचे काका म्हणाले फ्रिजमध्ये ठेव. अजिबात नको, मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढल्यावर थंड बाटलीसारखं पाणी सुटेल, पोर्टमध्ये पण. लॅपटॉपच्या गरम हवेच्या झोतात किंवा गादीवर पण ठेवू नका. काम झालं की इजेक्ट करून काढा, माझी नुसती लावून ठेवली तरी कोमट असते.

मी आधी स्टीलच्या ताटलीवर ठेवून बघितली, फार फरक नाही. मग आईचं जर्मनचं जुनं झाकण घेतलं, ॲल्युमिनियम उष्णता स्टीलच्या दहापट तरी ओढतं, ते उलटं ठेवून त्यावर ड्राइव्ह, बाजूला टेबल फॅन, तर ४९! त्या ६०० रुपयांच्या कूलिंग स्टँडच्या नादी लागू नका.

स्टार चार. एक ड्राइव्हचा नाही, दुकानदाराचा कापलाय. झाकण आता माझ्याच टेबलावर असतं, आईने नवीन आणायला ८० रुपये माझ्याकडून घेतले, त्यात घासाघीस चालली नाही.