ऑल-इन-वनवर लिनक्स: नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

परवा सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने माझं ऑल-इन-वन (पडद्याच्या मागेच सगळा कॉम्प्युटर बसवलेलं मशीन) टेबलावर ठेवल्या ठेवल्या विचारलं, "मॅडम, याच्यात विंडोज काहून नाही?" त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय; पंखा घरघर करत होता म्हणून मी मशीन घेऊन गेले होते. माझं सगळं ऐकून झाल्यावर त्याचं उत्तर, "विंडोज टाकून आणा ना, मग पाहू. लिनक्स टाकलं का वॉरंटी जाते."

मला याचा खरंच संताप आला. हे मॉडेल कंपनीनेच विंडोजशिवाय, फ्रीडॉस या साध्या मोफत सिस्टीमवर विकलेलं आहे आणि बिलावर तसं स्पष्ट छापलंय. पंख्याच्या बेअरिंगचा ऑपरेटिंग सिस्टीमशी काय संबंध? मी म्हटलं, "ठीक आहे, वॉरंटी नाही असं जॉबशीटवर लिहून द्या." लिहून द्यायला कोणी तयार होईना. मग तिथेच मशीन सुरू करून बायोसमधली (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) हार्डवेअर चाचणी लावली. या चाचणीला विंडोजही लागत नाही आणि लिनक्सही लागत नाही. पंख्याच्या ओळीत एरर आली, तिचा फोटो काढला, तेव्हा कुठे पंखा वॉरंटीत बदलून मिळाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर हेच करा. बिल सोबत ठेवा आणि तोंडी नकार घेऊन घरी परतू नका.

या भांडणानंतर ठरवलं की इतक्या महिन्यांचा अनुभव नीट लिहून काढायचा. प्रतापनगरला घरीच माझं मराठी टायपिंगचं काम चालतं: प्रश्नपत्रिका, थिसिस, सोसायट्यांचे अहवाल. जुना पीसी विंडोज ११ घेत नव्हता आणि विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन घ्यायचंच, तर विंडोजचे पैसे कशाला मोजायचे? टेबल लहान आहे, म्हणून ऑल-इन-वन. २४ इंची फुल एचडी पडदा, आय३-१२१५यू, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. त्यावर लिनक्स मिंट २२ (मिंट हा लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. कामाच्या बाबतीत तक्रार नाही. मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लगेच बसला आणि गिऱ्हाईकांच्या कृतिदेव फॉन्टमधल्या जुन्या फाइली तो फॉन्ट टाकल्यावर लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये व्यवस्थित उघडतात. वेगावर वेगळं लिहावं असं काही नाही, पुरेसा आहे.

आता मुख्य गोष्ट, ब्राइटनेस.

साध्या मॉनिटरला खाली किंवा मागे बटणं असतात. कॉम्प्युटरमध्ये काहीही चालू असो, बटण दाबून उजेड कमी करता येतो. माझ्या ऑल-इन-वनला असं एकही बटण नाही, पॉवरचं तेवढं आहे. पडद्याचा उजेड पूर्णपणे सॉफ्टवेअरच्या हातात, म्हणजे आतून हा सरळसरळ लॅपटॉपच आहे. मिंट टाकलं आणि सेटिंगमधली ब्राइटनेसची पट्टी कितीही सरकवली तरी पडदा ढिम्म. रात्री दहा वाजता पांढऱ्या पानावर काळी अक्षरं टाईप करायची आणि समोर पूर्ण उजेड. दोन तासांत डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. ज्याचं पोट पडद्यावर आहे त्याला ही छोटी अडचण वाटणार नाही.

इंटरनेटवर सापडणारा पहिला उपाय म्हणजे एक्सरँडर नावाच्या कमांडने ब्राइटनेस ०.६ वर आणणे. हा उपाय खोटा आहे असंच मी म्हणेन. मागचा दिवा तितकाच जळत राहतो, फक्त चित्रातले रंग काळवंडतात. पांढरं पान मळकट राखाडी होतं, पण खोलीत अंधार करून पाहिलं तर पडद्याच्या काळ्या भागातून उजेड तसाच झिरपताना दिसतो. डीडीसीयूटिल हे दुसरं साधन केबलने जोडलेल्या बाहेरच्या मॉनिटरसाठी चांगलं आहे, आतल्या पॅनेलवर ते चालत नाही.

खरं कारण सिस्टीमच्या बॅकलाइट फोल्डरमध्ये होतं. तिथे एसीपीआय व्हिडिओचंच (बायोसमार्फत उजेड बदलण्याची पद्धत) नाव दिसत होतं. म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) बायोसला "उजेड कमी कर" असं सांगत होता आणि बायोस काहीच करत नव्हता. ग्रब या लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या बूट ओळीत एसीपीआय बॅकलाइट हा पर्याय "नेटिव्ह" केला, ग्रब अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं. फोल्डरमध्ये इंटेल बॅकलाइट (ग्राफिक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हरची पद्धत) आलं आणि पट्टी सरकवताच पडदा खरोखर मंद झाला. त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की रात्रीच बहिणीला फोन करून सांगितलं.

तरी अजून दोन गोष्टी खटकतात. मशीन स्लीपमधून उठलं की उजेड परत शंभर टक्के. त्यासाठी सिस्टमडी या लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्लीप फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट टाकावी लागली. दुसरी गोष्ट सुटण्यासारखी नाही. साधारण तीस टक्क्यांच्या खाली नेलं की मागचा दिवा वेगाने चालू-बंद होऊन उजेड कमी करतो. डोळ्यांना ते सहज दिसत नाही, पण मोबाईलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला की काळे पट्टे सरकताना दिसतात. म्हणून मी चाळिसाच्या खाली जातच नाही, खोलीतला दिवा चालू ठेवते. एवढ्या किमतीच्या वस्तूला उजेडासाठी दोन साधी बटणं द्यायला कंपनीला काय लागलं असतं?

मार्चपर्यंत माझं मत पक्कं होतं की पुन्हा टॉवर आणि सुटा मॉनिटरच बरा. उन्हाळ्याने ते बदललं.

एप्रिल-मेमध्ये इथे लाईट जाण्याचा भरवसा नसतो. जुना टॉवर आणि मॉनिटर ६०० व्हीएच्या यूपीएसवर असताना जेमतेम फाइल सेव्ह करून बंद करण्याएवढा वेळ मिळायचा. तोच यूपीएस आता हातातलं थिसिसचं प्रकरण पुरं होईपर्यंत साथ देतो, कारण आत लॅपटॉपचा प्रोसेसर आहे आणि ब्राइटनेस कमी ठेवला की वीज आणखी कमी लागते. (लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नका, शाई कागदावर पक्की करणारा फ्यूजर तापताना तो फार करंट ओढतो.) कूलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज पडायचं तेव्हा जुना पीसी कधी कधी रीस्टार्ट व्हायचा. याचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे, त्याला काही फरक पडत नाही. पारा ४५ च्या आसपास असतानाही मशीन गरमीने बंद पडलं नाही.

पंखा खराब झाला तो धुळीने, असं माझं मत आहे. कूलर बाहेरची हवा आत ओढतो, सोबत धूळ आणि ओल. मशीनच्या मागच्या जाळीवर ओलसर मातीचा थर बसला होता, ब्रशनेही निघेना. आता मशीन कूलरच्या थेट झोतातून हलवलंय आणि जाळी दर आठवड्याला कोरड्या ब्रशने साफ करते.

बर्डीवर (नागपूरची सीताबर्डी बाजारपेठ) असं मशीन घ्यायला जाणार असाल तर लिनक्स मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत न्या. दुकानदाराला नीट सांगा, "दादा, काही इन्स्टॉल करत नाही, फक्त चालवून पाहते." बहुतेक जण हो म्हणतात. नाही म्हणाले तर दुसरं दुकान पाहा. सगळ्यात आधी ब्राइटनेसची पट्टी हलवा. मग स्लीप करून उठवा आणि वायफाय जोडा. वायफायची चिपही महत्त्वाची आहे. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.२ पासून आला, त्यामुळे ५.१५ कर्नलवरच्या जुन्या मिंट २१ मध्ये ती आपोआप चालत नाही, ६.८ वरच्या मिंट २२ मध्ये चालते. रॅमचा दुसरा स्लॉट आहे का, हेही विचारून घ्या. माझ्यात होता, म्हणून नंतर स्वस्तात १६ जीबी करता आली.

बजेट थोडं जास्त असेल तर उबंटू हे लिनक्स बनवणाऱ्या कॅनोनिकल कंपनीच्या उबंटू सर्टिफाइड यादीत ऑफिससाठी बनवलेली ऑल-इन-वन मॉडेलं आहेत, ती आधी बघा. लेनोवोची टायनी-इन-वन ही कल्पना तर मला फार आवडली. छोटा पीसी मॉनिटरच्या मागे खाचेत सरकवायचा, पडदा स्वतंत्र राहतो आणि पीसी बिघडला तरी कामात येतो. माझ्या मशीनला एचडीएमआय इन (दुसरा कॉम्प्युटर जोडून पडदा वापरण्याचं सॉकेट) नाही. मदरबोर्ड गेला तर चांगला पडदाही त्याच्यासोबत गेला, आणि वॉरंटी संपल्यावर मला तीच चिंता राहील. टाईप करून पोट भरणाऱ्याने दुकानात आधी प्रोसेसर नाही, पडद्याची बटणं आणि मागची एचडीएमआय इन बघावी.