घडीचा क्रेट, कुंपण आणि दारातले फाटक : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस अमळनेरच्या आमच्या घरी सुमारे दोन महिन्यांचे गावठी पिल्लू आले आणि तिचे नाव आम्ही भिंगरी ठेवले. तिच्यासाठी मी एकाच विक्रेत्याकडून तीन वस्तू ऑनलाइन मागवल्या होत्या : ३६ इंची घडीचा तारेचा क्रेट म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, त्याला जोडता येणारे आठ जाळ्यांचे कुंपण आणि दाराच्या चौकटीत बसवायचे एक फाटक. तिन्ही मिळून साधारण साडेनऊ हजार रुपये लागले. अशा वस्तूंवरचे बहुतेक अभिप्राय पहिल्या आठ दिवसांत लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत खोका कसा आला आणि रंग कसा आहे एवढेच वाचायला मिळते. हा क्रेट कसा आहे हे मला मात्र त्याचे दार कायमचे उघडे ठेवायची वेळ आली तेव्हा कळले, म्हणून वर्ष उलटल्यावरच लिहायला बसलो आहे.

क्रेटची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे त्यासोबत आलेली आडवी जाळी. कुत्र्याला ताठ उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून झोपता यावे, एवढीच जागा क्रेटमध्ये असावी लागते. झोपायच्या जागेत कुत्रे सहसा शू करत नाही, पण जागा त्याहून जास्त झाली की पिल्लू एका कोपऱ्यात झोपते आणि दुसऱ्या कोपऱ्यात शू करते. मध्ये जाळी लावल्यामुळे दोन महिन्यांच्या भिंगरीला क्रेटचा तिसरा हिस्साच मिळत असे. ती वाढत गेली तशी आम्ही जाळी मागे सरकवत गेलो आणि नोव्हेंबरच्या शेवटी काढून टाकली. एकाच क्रेटमध्ये पिल्लूपण आणि मोठेपण दोन्ही निभावले, दुसरा घ्यावा लागला नाही. ज्या क्रेटसोबत ही जाळी नसेल तो पिल्लासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले काही दिवस घरात क्रेटवरून बराच वाद झाला. आई रोज विचारायची, "तिले काबर कोंडस रे?" आमच्याकडे कुत्रे म्हटले की ते ओट्यावर किंवा गल्लीत असते, गजांच्या आत नसते, आणि आईचा प्रश्न मायेचा होता. तिला मी एवढेच सांगितले की पिल्लाला जितके महिने झाले असतील त्यात एक मिळवला, की साधारण तितके तास ते शू रोखू शकते. हा ढोबळ अंदाज आहे, पण त्याहून जास्त वेळ त्याला आत ठेवणे म्हणजे त्याला स्वतःची जागा घाण करायला भाग पाडणे. सप्टेंबरभर रात्री दीडला आणि पुन्हा चारला उठून मी भिंगरीला अंगणात नेत होतो. क्रेट दारापासून चार पावलांवर ठेवला होता, त्याचा तेव्हा फार उपयोग झाला. दिवसा दार उघडेच असे आणि भाकरीचा तुकडा, शेंगदाण्याचा दाणा जे काही द्यायचे ते आतच दिले जाई. तिसऱ्या आठवड्यात भिंगरी दुपारी आपण होऊन आत जाऊन झोपू लागली. त्यानंतर आईने तो प्रश्न विचारला नाही, उलट तिच्या जुन्या लुगड्याची चौघडी शिवून आत अंथरली.

आता दोष सांगतो, कारण ते किरकोळ नाहीत. दाराची खिटी सैल आहे. पाच महिन्यांची असताना भिंगरीने नाकाने खिटी उचलून दार उघडायला शिकून घेतले. त्याहून गंभीर म्हणजे दार आतून ढकलले की खालच्या कोपऱ्यात दोन बोटांची फट पडते आणि पिल्लाचे तोंड तिच्यात सहज शिरते. मी फोटो काढून विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा माल पोहोचल्यापासून सात दिवसांनंतर काही करता येत नाही, असे उत्तर आले. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊन त्या कोपऱ्यात एक आडवा गज जोडून घेतला. शंभर रुपयांचे काम होते, कारखान्यात ते सहज होऊ शकले असते.

एक चूक माझीही सांगायला हवी. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी मी तिला गळ्यातल्या पट्ट्यासकट आत ठेवले. थोड्या वेळाने विचित्र घरघर ऐकू आली. जाऊन पाहतो तर पट्ट्याची कडी जाळीच्या दोन तारांमध्ये अडकलेली, आणि सोडवून घेण्यासाठी भिंगरी मान मागे ओढते आहे, त्यामुळे पट्टा आणखी आवळतो आहे. मी एका हाताने तिची मान पुढे ढकलून धरली आणि दुसऱ्या हाताने बक्कल काढले. घरात कोणी नसते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मनातून जात नाही. तारेच्या क्रेटमध्ये कुत्र्याच्या गळ्यात काहीही नसावे, ही सूचना खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापायला हवी होती. आमच्या खोक्यावर ती नव्हती.

कुंपणाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. डिसेंबरमध्ये क्रेटचे दार काढून त्याभोवती ते लावले, तेव्हा भिंगरीला झोपायची जागा आणि खेळायचे अंगण एकत्र मिळाले. दीड महिन्यात तिला त्यावरून उडी मारता येऊ लागली आणि त्याचे काम संपले. उंच जातीच्या पिल्लासाठी ते घेऊ नये.

घरात मोकळे सोडण्याच्या कामी खरा आधार झाला तो फाटकाचा, आणि गंमत म्हणजे तिन्ही वस्तूंत तेच सर्वांत स्वस्त होते. हे फाटक दोन्ही बाजूंच्या स्क्रूने चौकटीवर दाब देऊन उभे राहते, भिंतीला भोके पाडावी लागत नाहीत. मात्र ते सपाट फरशीवरच्या दारांसाठी बनवलेले आहे, आणि आमच्यासारख्या जुन्या घरांत प्रत्येक दाराला उंबरठा असतो. उंबरठ्याच्या मागे फाटक बसवले की स्क्रूंना चौकटीची कड पुरत नाही, उंबरठ्यावर बसवले तर खाली फट राहते. सुताराकडून सागाची एक फळी उंबरठ्याच्या उंचीची करून घेतली, तेव्हा ते घट्ट बसले. दाबावर उभे राहणारे असे फाटक जिन्याच्या वरच्या तोंडाशी कधीही लावू नये, कारण जोराचा धक्का बसला तर ते कुत्र्यासकट खाली जाऊ शकते. तिथे भिंतीत स्क्रू मारून बसवायचेच फाटक हवे.

या फाटकामुळे घर खोलीखोलीने उघडता आले. जानेवारीत भिंगरी फक्त पुढच्या खोलीत, तीही माझ्या कमरेला बांधलेल्या दोरीसोबत. ती फरशी हुंगत गोल फिरू लागली की लगेच अंगणात. फेब्रुवारीत दोरी सुटली, पण खोलीत कोणी जागे असेल तरच. पुढच्या खोलीत सलग चार आठवडे एकही शू झाली नाही आणि काही कुरतडले गेले नाही, तेव्हाच मधल्या खोलीचे फाटक उघडले. स्वयंपाकघर मात्र आजही बंद आहे आणि बंदच राहील. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात, मग ते कच्चे असोत की शिजवलेले, आणि आमच्या खानदेशात हिवाळ्यातले भरीत पातीच्या कांद्याशिवाय होत नाही. भरिताच्या दिवशी सोललेली पात सूपभर खाली पडलेली असते. मनुकाही तितक्याच धोक्याच्या, त्या मूत्रपिंडावर परिणाम करतात.

होळीला मी घाई केली. भिंगरी आठ महिन्यांची झाली होती, कायमचे दात आले होते, महिनाभर काही बिघडले नव्हते, म्हणून पाहुण्यांच्या गडबडीत फाटक उघडून घर मोकळे करून दिले. दोन तासांत मोबाइलच्या चार्जरची वायर दोन ठिकाणी कुरतडलेली आणि वरच्या खोलीतली गादी ओली सापडली. सुदैवाने चार्जरचे बटण बंद होते. या वयातल्या कुत्र्याला घर माहीत झालेले असते, पण मोह आवरत नाही, हे मला पुढे नीट समजले. ज्या खोलीत कुत्र्याचा वावर नाही ती खोली त्याच्या लेखी घराबाहेरचीच असते, म्हणून वरच्या मजल्यावर तिने शू केली. तिला रागावण्यात अर्थ नव्हता. आम्ही दोन पायऱ्या मागे गेलो, पुन्हा फक्त पुढची खोली, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत पूर्वीच्या जागी आलो.

शू पुसण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण फाटकाइतकीच ती महत्त्वाची आहे. शहाबादी फरशीच्या सांध्यांत मूत्र मुरते, आणि फिनाइलने आपल्याला येणारा वास गेला तरी कुत्र्याला येणारा वास जात नाही. तिथेच पुन्हा शू होत राहते. एन्झाइम असलेले द्रावण सांध्यांत ओतून दहा-पंधरा मिनिटे तसेच राहू दिले, तेव्हा भिंगरीची त्या जागेची सवय कायमची सुटली.

एप्रिल-मे हा खानदेशातल्या तारेच्या क्रेटचा सर्वांत वाईट काळ. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि अमळनेरही काही मागे नसते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते, आणि त्यासाठी त्याला हवा आणि हलायला जागा लागते. पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेल्या क्रेटचा पत्र्यासारखा पातळ प्लास्टिकचा ट्रे दुपारी तीनला हाताला चटका देई. वर चादर टाकली तर आतली हवा कोंडते. वीज गेली की कूलरही बंद. त्यामुळे मे महिन्यात दुपारी दार लावायचेच नाही, असे आम्ही ठरवले, आणि खरे सांगायचे तर भिंगरीला आम्ही ठरवले होते त्याआधीच मोकळीक मिळाली ती उन्हाळ्यामुळे. ती मधल्या खोलीत माठाच्या तिवईखाली, ओलसर फरशीवर पोट टेकून पडून राही. आधी दहा मिनिटे, मग अर्धा तास, मग दोन तास आम्ही तिला तशी घरात एकटी ठेवून बाहेर जाऊन पाहिले. परत आल्यावर ती माठाखालीच असे. जूनपासून रात्रीही दार उघडे राहिले.

जुलैत एके दिवशी क्रेट घडी करून माळ्यावर ठेवला. घडी करणे सोपे आहे, दोन मिनिटांचे काम, मात्र बारा किलोंच्या आसपास वजन असल्यामुळे एकट्याने चढवू नये. संध्याकाळी भिंगरी तिच्या जुन्या कोपऱ्यात गेली, फरशीवर उमटलेला ट्रेचा चौकोन हुंगला आणि नेमकी त्या चौकोनात अंगाचे वेटोळे करून झोपली. बायको म्हणाली, "अहो, तिची चौघडी तरी ठेवा तिथे." लुगड्याची ती चौघडी आता तिथेच असते.

ऑगस्टमध्ये कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या श्रावणातल्या उत्सवासाठी क्रेट पुन्हा खाली आला. रोटांच्या प्रसादासाठी घरात पंचवीस-तीस माणसे, लहान मुले, दिवसभर उघडे पुढचे दार आणि रस्त्यावर वाजंत्री, अशा गर्दीत तिला मोकळे सोडणे योग्य नव्हते. आम्ही क्रेट आतल्या खोलीत लावला आणि चौघडी आत टाकली. भिंगरी न बोलावता आत गेली आणि विसर्जनाचा ढोल गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत झोपून राहिली. दार आम्ही लावलेच नव्हते, फक्त खोलीच्या चौकटीत फाटक होते.

हेच तीन नग पुन्हा घ्यायचे झाले तर फाटके दोन घेईन, क्रेट हाच घेईन, पण आल्या दिवशी वेल्डिंगवाल्याकडे नेईन, आणि कुंपण घेणार नाही.