अण्णांना रोख दिले ना?

द्राक्षाचा शिवार सौदा, म्हणजे बागेतच माल विकायचा व्यवहार, करणाऱ्यांनी हे वाचावं. आमच्या नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात एक व्यापारी बागायतदारांचे पैसे बुडवून गेला; निफाड-चांदवडकडेही हे नवीन नाही.

परराज्यातला व्यापारी थेट कुणाच्या बागेत शिरला नाही. आधी गावातला दलाल धरला. दलालाने त्याला अण्णांकडे नेलं. गावात छाटणीची तारीखसुद्धा अण्णांची बघून धरतात. त्यांचा प्लॉट किलोमागे दोन रुपये चढा घेतला आणि पैसे काट्यावर रोख मोजले. तिथून पुढे त्याला तोंड उघडायची गरजच उरली नाही. "अण्णांना रोख दिले ना?" एवढ्यावर सौदे ठरत गेले. औषध दुकानदाराने तर स्वतःहून दोघा-तिघांना त्याचं नाव सुचवलं, कारण बागायतदारांकडे पैसे आले की दुकानाची उधारी फिटणार होती.

मग निम्मे रोख, निम्मे आठवड्याने. मग पाव रोख. मार्च लागला, साखर भरली, वर अवकाळीचे ढग; अशा वेळी बागायतदार थांबू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. माझा थॉमसन जातीच्या द्राक्षाचा प्लॉट त्याच टप्प्यात खुडला गेला. हातात वहीचा फाडलेला कागद आणि एक चेक. फोन बंद झाल्यावर कळलं की क्रेटसुद्धा भाड्याचे होते. दलाल म्हणतो, माझंही कमिशन बुडालं. असेलही.

सौद्याआधी चौकशी केली नाही असं नाही. सोयरे, सोसायटीचे संचालक, शेजारचे बागायतदार, सगळे म्हणाले माणूस चोख आहे. खोदून विचारलं असता प्रत्येकाचा पुरावा एकच निघाला: अण्णांचं पेमेंट. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडलं होतं की जवळच्या माणसांना बहुधा आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं. नवी खबर लांबच्या ओळखीतून येते. आमच्याकडे तसंच झालं. पैसे बुडाल्यावर कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीतला चांदवडकडचा बागायतदार भेटला. तो या माणसाला दुसऱ्याच नावाने ओळखत होता! आधीच्या हंगामात तिकडे बुडवून आलेला. तिकडची खबर इकडे का आली नाही? तिथल्या लोकांनी चारचौघांत हसं नको म्हणून तोंड मिटलं. आमच्याकडेही पोलिसांत जायला उशीर झाला तो दलाल भावकीतला म्हणून. व्यापाऱ्याचं भांडवल म्हणाल तर हेच, आपला एकमेकांवरचा विश्वास आणि आपलीच भीड.

म्हणून गावाबाहेर विचारा, आणि "आधी कुठे माल घेतलात, तिथल्या दोघांचे नंबर द्या" असं व्यापाऱ्याला तोंडावर म्हणा. आधार कार्डाची प्रत घ्या, भरलेल्या गाडीचा नंबरासकट फोटो काढा. चेकवर खातं कुणाचं ते वाचा. आमच्यातल्या एकाला तिसऱ्याच माणसाच्या खात्याचा चेक मिळाला होता. चेक परत आला तर बँकेकडून ते कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस, आणि तरी दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. आमच्या गावात दोघांचे हे ३० दिवस दलालाने "येतोय तो, देतोय" म्हणत काढले.