'नाव' शोधलं की होडी मिळते: शब्दकोश ॲप, आठ महिन्यांनंतर

वर्षाचे ३९९ रुपये मार्चमध्ये भरलेत. ॲपमध्ये काय काय आहे ते वर्णनात दिलेलंच आहे. गेल्या आठवड्यातल्या अपडेटने शोध बिघडवला, म्हणून लिहितोय.

'नाव' टाइप केलं की होडी येते. ॲपमध्ये जुने कोश आहेत, त्यातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत माणसाचं नाव 'नांव' असं आहे. 'पाच' शोधलं की पाचू निघतो, आकडा 'पांच'खाली. अनुच्चारित अनुस्वार, म्हणजे उच्चारात न येणारी ही टिंबं, १९६२ च्या लेखननियमांनी गेले, कोश त्याच्या कितीतरी आधीचे. सुरुवातीचे तीन महिने मी याला ॲपचा दोष धरत होतो. ते चुकलं. त्या टिंबामुळेच तिथे दोन शब्द वेगळे राहतात, दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'तही तेच. त्यामुळे टिंबं सरसकट गाळू नयेत. आधी तंतोतंत जुळणारा शब्द दाखवावा, खाली टिंबाचे पर्याय. अपडेटच्या आधी निदान तंतोतंत तरी जुळत होतं. आता 'नांव' लिहिलं तरी वर होडीच! सेटिंगमध्ये 'मूळ लेखन' चालू केल्यावर नीट चालतं, पण ॲप बंद केलं की ते पुन्हा बंद.

'दऱ्या' सापडत नसेल तर कीबोर्ड बदलून पाहा. काही कीबोर्ड नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घालतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एकच, ॲपला दोन वेगळे शब्द.

टोपणनावांचं दुखणं वेगळं. 'बी' म्हटलं की बियाणं, 'अनिल' म्हटलं की वारा. आधी 'व्यक्ती' निवडा, मग नारायण मुरलीधर गुप्ते आणि आत्माराम रावजी देशपांडे मिळतात. कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर हे आहे, पण दत्तक जाण्याआधीचं गजानन रंगनाथ नाही. राम गणेश गडकऱ्यांच्या पानावर गोविंदाग्रज आहे, बाळकराम नाही, म्हणजे त्यांचं विनोदी लेखन शोधणाऱ्याची वाट तिथेच बंद. टोपणनाव छापायचं असेल तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात मूळ पुस्तक उघडून ताडून घ्या.

अर्थावरून शोध मात्र अपेक्षेपेक्षा फार चांगला. नुसतं 'पाऊस' नको, ढीग येतो. 'बारीक पाऊस' असे दोन शब्द द्या, झिमझिम आणि भुरभुर लगेच वर. कोश उतरवून ठेवले तर लोकलने जाताना पारसिकच्या बोगद्यात, नेट नसतानाही चालतं.

तीन स्टार, त्यातले दोन या अर्थशोधाचे. मार्चपर्यंत टिंबाचं काम झालं तरच पुन्हा पैसे भरेन.