लांब लेन्स आधी की छोटा ड्रोन?

सह्याद्रीत कॅमेरा घेऊन फिरणारे बरेच जण दोन-तीन वर्षांनी एकाच वळणावर येऊन थांबतात. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स अपुरी वाटायला लागलेली असते, हाताशी थोडे पैसे जमलेले असतात आणि घरी पुन्हा लगेच विषय काढता येणार नसतो. लांब पल्ल्याची झूम लेन्स घ्यावी, की 250 ग्रॅमच्या आतला ड्रोन? मी 2021 च्या दिवाळीत ड्रोन घेतला. लेन्स घ्यायला पुढे दोन वर्षं गेली. आज दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही चालू स्थितीत आहेत, म्हणून हे लिहितोय.

कॅमेऱ्याची बॉडी निकॉनची झेड 50, तिच्यावर 50-250 मिलिमीटरची झूम लेन्स. ड्रोन 249 ग्रॅमचा, घडी होणारा. मेगापिक्सेल आणि सेन्सरच्या आकारात शिरत नाही, ते तुम्ही पाहिलेलंच असेल.

आधी ड्रोनच्या बाजूने बोलतो, कारण पहिल्या वर्षी मी त्याच्या पूर्ण प्रेमात होतो. जमिनीवरून जे कधीच दिसत नाही ते तो दाखवतो. राजगडाचंच घ्या. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्यापासून तीन दिशांना कशा पसरल्यात, हे बालेकिल्ल्यावर उभं राहून मान फिरवत तुकड्यातुकड्यानेच कळतं. तो सगळा आकार एका चौकटीत हवा असेल तर वरच जायला हवं. भातखाचरांचंही तसंच. लावणी झाल्यावर बांधांची जी नक्षी तयार होते, ती बांधावर उभं राहून निम्मीच दिसते. कोकणातल्या खाडीचं वळण, पुळणीवर लाटेने ओढलेली रेघ, नांगरलेल्या शेताचे तास, या सगळ्याला लेन्स कितीही लांब घेतली तरी उत्तर नाही.

लेन्सचं काम नेमकं उलट आहे. ती दूरच्या गोष्टी एकमेकींजवळ आणून बसवते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पहाटे एखाद्या गडाच्या पश्चिम बुरुजावरून पाहिलं, तर डोंगरांच्या पाच-सहा रांगा एकामागे एक उभ्या असतात. जवळची गडद निळी, मागची फिकट, त्यामागची जवळजवळ आभाळात विरलेली. किट लेन्सने फोटो काढला की त्याच रांगा चौकटीच्या मधोमध बोटभर पट्टीत गोळा होतात आणि वर-खाली नुसतं रिकामं उरतं. झूम दीडशे-दोनशे मिलिमीटरवर नेली की तीच पट्टी पूर्ण चौकट भरते. सिंहगडावरून स्वच्छ दिवशी राजगड आणि तोरणा दिसतात, हे माहीत असूनही माझ्याकडे त्यांचा धड फोटो नव्हता. लेन्स घेतल्यावरच्या दुसऱ्याच रविवारी मिळाला: तोरण्याचा लांबट माथा, खालच्या खोऱ्यात धुकं आणि त्या धुक्यातून वर आलेला एकुलता एक धुराचा दोरा. कुणाची तरी चूल पेटली असणार.

वजनाचा मुद्दा लोक ड्रोनच्या बाजूने मांडतात. तो मला फारसा पटत नाही. ड्रोन 249 ग्रॅमचा खरा, पण रिमोट, दोन जादा बॅटऱ्या, चार्जर आणि खाली अंथरायचा कपडा घेतला की माझी पिशवी किलोभराच्या आसपास जाते. 50-250 ही लेन्स 405 ग्रॅमची आहे आणि तिला वेगळं काहीच लागत नाही. थोरली, जड 70-200 एफ 2.8 लेन्स घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. ती पाठीवर घेऊन लिंगाणा चढायची माझी तयारी नाही.

आता नियम. ड्रोन नियम 2021 च्या ऑगस्टमध्ये आले आणि हौशी माणसाला त्यांनी खरोखर मोकळं केलं. 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो. त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळणारं मान्यतेचं प्रमाणपत्र, लागत नाही, उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट लागत नाही आणि तृतीय पक्ष विम्याचीही सक्ती नाही. 250 ग्रॅमच्या वर आणि 2 किलोपर्यंत ‘मायक्रो’. तिथे हौसेसाठी उडवणाऱ्याला पायलट सर्टिफिकेट माफ आहे, पण टाइप सर्टिफिकेट आणि विमा मागे लागतात. म्हणून ड्रोन घ्यायचाच असेल तर नॅनोच घ्या. आणि घेतल्यावर तो नॅनोच राहील हेही बघा. वजन सगळं धरून मोजतात. जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी बसवली, किंवा प्रॉपेलरना संरक्षक कडी लावली, की 249 चे 250 कधी ओलांडले ते कळतही नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ठेवून पाहा.

झोन मात्र नॅनोलाही लागू आहेत. कुठे उडवता येतं हे दाखवणाऱ्या, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग आहेत. हिरव्यात 400 फुटांपर्यंत, म्हणजे 120 मीटरपर्यंत, परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा 200 फूट होते. त्याहून जवळ पिवळा आणि मग लाल, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. पुणेकराला लोहगाव विमानतळामुळे शहराचा मोठा भाग असाच वगळावा लागतो. मुंबईत पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात आणि पुढे वाढवले जातात. पूर्वी ते कलम 144 खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली निघतात. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो.

डोंगरात आणखी एक पेच आहे. ॲपमध्ये दिसते ती उंची तुम्ही उडवलात त्या जागेपासूनची. पठारावर हे ठीक चालतं. पण तुम्ही कड्याच्या धारेवरून ड्रोन सरळ पुढे नेलात तर पडद्यावर 15 मीटरच दिसत राहतात आणि खाली दरी चारशे मीटर खोल गेलेली असते. मर्यादा जमिनीपासून मोजायची म्हटलं तर एका क्षणात ती कितीतरी ओलांडलेली असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी ज्या चौकटीसाठी ड्रोन न्यावासा वाटतो, नेमकी तीच चौकट या पेचात सापडते. मी आता धारेच्या आतच उडवतो, आणि आतून तो कडा कड्यासारखा दिसत नाही.

तरीही हे सगळं सांभाळून मी दोन वर्षं उडवत होतो. माझं मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने.

अकोले तालुक्यातल्या एका गडावर डिसेंबरात मुक्काम केला होता. नकाशा घरीच पाहिला होता, हिरवा होता. पहाटे साडेपाचला उठलो, कपडा अंथरला, ड्रोनचे हात उघडले, उपग्रह जुळायची वाट बघत बसलो. थंडीने बॅटरी गार पडू नये म्हणून ती रात्रभर स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी धरून झोपलो होतो. पूर्वेला तांबडं फुटत होतं. तेवढ्यात टॉर्च घेऊन चौकीवरचे काका आले. हात जोडूनच म्हणाले, “दादा, हे इथं उडवायचं नाही.” मी मोबाइलवरचा हिरवा रंग दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, “हे आभाळाचं असंल. खाली अभयारण्य हाय.”

ते अगदी बरोबर होते. डिजिटल स्कायचा हिरवा रंग हवाई क्षेत्रापुरता बोलतो. तुम्ही उभे आहात ती जमीन कुणाच्या अखत्यारीत आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि आपल्याला जिथे जिथे जावंसं वाटतं त्या बहुतेक जागा कुणाच्या तरी अखत्यारीत आहेत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यं. तिथे वन विभागाची परवानगी लागते. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातले शिवनेरी, लोहगड, रायगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग यांच्यासह आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि राजगड, प्रतापगड, साल्हेर, खांदेरी हे चार राज्य पुरातत्त्व विभागाकडे. संरक्षित स्मारकावर ड्रोन न्यायचा तर त्या त्या खात्याची परवानगी घ्यायची. राजगडाच्या तीन माच्यांचं वर सांगितलं खरं, पण माझ्याकडे तो फोटो नाही, आणि असं केल्याशिवाय मिळणारही नाही.

परवानगी मागण्याबद्दल माझी तक्रार नाही. या जागा जपल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. कड्यांच्या कपारींत शाहीन ससाण्याची घरटी असतात, उभ्या कातळाला आग्या मोहोळ लटकलेली असतात, आणि ड्रोनचा आवाज त्यांच्यासाठी काय असेल याची कल्पना करवत नाही. मोहोळ दिसलं तर ड्रोन पिशवीबाहेरही काढू नका, एवढं नक्की सांगेन. तुमच्यापेक्षा मागून येणाऱ्या ट्रेकरांना त्याचा त्रास जास्त होईल.

माझी अडचण इतकीच, की प्रत्येक वेळी गडावर पोचेपर्यंत मन साशंक राहायला लागलं. शुक्रवारी रात्री बॅग भरताना प्रश्न: इथे चालेल का? गावातून जाताना पुन्हा तोच प्रश्न. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, बीड, जालना भागांत रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावंच्या गावं जागत होती, लोक गस्त घालत होते. त्यानंतर कुठल्याही वाडीजवळ मी आधी पारावर बसून चार लोकांशी बोलल्याशिवाय ड्रोन उडवलेला नाही. तसंच करावं. पण सूर्य त्या बोलण्यासाठी थांबत नाही. डोंगरात कामाचा उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं असतो, आणि त्यातली किती मिनिटं मी उजेडाकडे न बघता मागे कोण येतंय हे बघण्यात घालवली, ते माझं मला माहीत आहे.

त्या दिवशी ड्रोन मिटला आणि काकांबरोबर बसून राहिलो. कॅमेऱ्याला किट लेन्स होती. समोर रतनगडाच्या बाजूला ढगांचा समुद्र पसरला होता आणि त्यातून सुळके बाहेर आले होते, फार लांब. माझ्याकडे तिथवर पोचेल असं काहीच नव्हतं. पुढच्याच महिन्यात लेन्स घेतली.

लेन्सलाही मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. फेब्रुवारीनंतर वणवे सुरू होतात, हवेत धूळ चढते, आणि दोनशेवर काढलेला फोटो पाण्यातून काढल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर तर काढायलाच नको. तापलेल्या दरीवरची हवा थरथरते आणि कितीही महागडी लेन्स असली तरी रेषा धारदार येत नाही. वर्षातले चार महिने तिची खरी चलती असते, पावसाळ्यात ढग फाटतील तेव्हा थोडी. शिवाय लांबचं बघायची सवय लागली की जवळचं सुटतं. माझं तसं झालं आहे.

दुरुस्तीचं मात्र एकदा लक्षात घ्या. फेब्रुवारी 2022 पासून परदेशातून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांचा तेवढा अपवाद. सुट्या भागांना मुभा आहे, पण हौशी माणसाला त्या वाटेने हवी ती बॅटरी मिळणं सोपं नाही. माझ्या तीन बॅटऱ्यांपैकी एक दुसऱ्या पावसाळ्यानंतर फुगली. नवी मिळवायला चार महिने लागले, आणि ती किती जुनी आहे हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. लेन्सवर आतापर्यंत खर्च झाला तो 62 मिलिमीटरच्या एका फिल्टरचा. वापरलेली लेन्स विकायला काढली तर चार दिवसांत गिऱ्हाईक मिळतं. ड्रोनचं तसं नाही, निदान मी विचारून पाहिलं तेव्हा नव्हतं.

तुमची गरज वेगळी असू शकते. गावी स्वतःची शेती असेल, मुख्य ओढ व्हिडिओची असेल, किंवा गडांपेक्षा नदीकाठ, माळ आणि शेतं जास्त काढत असाल, तर ड्रोनने मला दिलं त्यापेक्षा जास्त तुम्हाला मिळेल. आपल्या बांधावर उभं राहून, शेजाऱ्याला सांगून, हिरव्या झोनमध्ये उडवायला कुणाची आडकाठी नाही. मीही दरवर्षी भात कापणीच्या वेळी तो मावशीच्या गावी नेतो. मावशी तेवढ्यापुरती ओटीवर येते आणि पडद्यावर आपलं घर शोधते. गेल्या वर्षी तिला आधी विहीर सापडली, मग फणस, आणि मग फणसाखालचं कौल फुटलेलं दिसलं. ते तिने त्याच दिवशी बदलून घेतलं.

पण गडांसाठी विचारत असाल तर आधी लेन्स घ्या. शक्य असेल तर एका शनिवार-रविवारपुरती भाड्याने आणा, पुण्या-मुंबईत सहज मिळते. नोव्हेंबरात आणा. सिंहगडावर सहाच्या आत पोचा, कल्याण दरवाज्याच्या अंगाला जा आणि दोनशेवर ठेवून तोरण्याकडे बघा.