एसआयपी ट्रंक घेतला, लाइन झकास, पण कॉल बरोब्बर ३२ सेकंदांनी कट

भोसरीत आमचं पंप आणि स्पेअर्सचं ऑफिस आहे, जुन्या कॉम्प्युटरवर फ्रीपीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज म्हणजे पीबीएक्स चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून बारा एक्स्टेन्शन चालवतो. पीआरआय या जुन्या डिजिटल फोनलाइनचे ३० चॅनल आम्हाला उगाच होते, एका वेळी सातआठच्या वर कॉल कधी नसतातच, म्हणून त्याच कंपनीचा १० चॅनलचा एसआयपी ट्रंक (डेटा लाइनवरून चालणारी फोनलाइन) घेतला, नंबर बदलावा लागला नाही हे मोठंच काम झालं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये.

केवायसीची कागदपत्रं दोनदा मागितली, ठीके, चालायचंच. फायबर टाकणारी पोरं मात्र हुशार, दुपारपर्यंत लाइन चालू. आवाज एकदम क्लिअर.

आणि मग दुसऱ्या दिवसापासून येणारा प्रत्येक कॉल ३२ सेकंदांनी कट! आमच्याकडे नमस्कार चमत्कार होऊन रेट सांगेपर्यंत तेवढाच वेळ जातो, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटायचं रेट सांगून हे लोक फोन आपटतात. एक जुने सांगलीचे डीलर तर चिडून म्हणाले, "परवडत नसेल तर सांगा ना, फोन कशाला ठेवता?"

सपोर्टला पाच वेळा फोन केला, प्रत्येक वेळी नवा माणूस आणि उत्तर एकच, "सर, आमच्याकडून ओके दिसतंय, तुमच्या पीबीएक्सवाल्याला विचारा." पीबीएक्सवाला म्हणतो लाइनवाल्याला विचारा.

शेवटी रात्री मीच एसएनग्रेप (कॉलमागचे सिग्नल मेसेज दाखवणारं टूल) लावून बसलो. आपण फोन उचलला की 'उचलला' असं सांगणारा २०० ओके मेसेज जातो, त्यावर समोरून एसीके म्हणजे पोच यायला पाहिजे, ते येतच नव्हतं, ओके परत परत जातंय आणि ३२ सेकंद वाट बघून फ्रीपीबीएक्सच्या आतलं इंजिन अ‍ॅस्टेरिस्क स्वतःच कॉल सोडतंय. कारण काय, तर सेटिंगमध्ये जुन्या ब्रॉडबँडचा स्टॅटिक आयपी (नेटवरचा कायमचा पत्ता) एक्स्टर्नल अ‍ॅड्रेस म्हणून राहिला होता, आपण तोच पत्ता कळवत होतो आणि बिचारं एसीके तिकडे जात होतं. लोकल नेटवर्क्स या सेटिंगमध्ये कंपनीच्या लाइनचं नेटवर्क टाकलं, म्हणजे या लाइनवर तो जुना पत्ता कळवला जाणार नाही, सेव्ह केलं, मोबाइलवरून कॉल लावला आणि घड्याळाकडे बघत बसलो... ३३, ३४, ३५!

म्हणजे चूक आमचीच, मान्य. पण "एसीके कुठे पाठवताय" एवढं त्यांच्या लॉगमध्ये बघून एकाने सांगितलं असतं तर आठवडा वाचला असता ना. लाइनला ५ पैकी ४, सपोर्टला १, तोही फायबरवाल्या पोरांमुळे. सांगलीवाल्यांना मी स्वतः फोन करून चार मिनिटं बोललो, तेव्हा कुठे ऑर्डर आली.